बोलीचा सौदा फोनमध्येच ठेवू नका

कापडाच्या धंद्यात कागदावर ऑर्डर लिहिणारे आता फार थोडे राहिले. सडक अर्जुनीसारख्या तालुक्याच्या गावचे आम्ही दुकानदार नागपूरच्या गांधीबागेत किंवा सुरतेला माल सांगतो तो व्हॉट्सअॅपवर, आवाजात. भाव, नग, रंग, ट्रान्सपोर्टचे नाव, पैसे किती दिवसांनी, सगळे अर्ध्या मिनिटात बोलून होते. गिऱ्हाईकाचेही तसेच. धान विकले की पैसे देतो, हे खेड्यातला माणूस लिहून देत नाही, बोलून पाठवतो. यात वाईट काही नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी टाइप करताना बोट अजून अडखळते आणि समोरच्या सुरतेच्या व्यापाऱ्याला मराठी वाचता येत नाही. आवाज मात्र दोघांना समजतो.

पण फोन म्हणजे वही नव्हे. वही तीस वर्षे कपाटात राहते. फोन दोन-तीन वर्षांत बदलतो, पाण्यात पडतो, किंवा जागा भरली म्हणून घरातले पोर एका झटक्यात सगळे पुसून टाकते.

आपल्या जिल्ह्यात अर्जुनी नावाचे दोन तालुके आहेत, एक सडक अर्जुनी आणि दुसरा अर्जुनी मोरगाव. आमच्या बाजारातल्या एका दुकानदाराच्या साड्यांचे गठ्ठे लग्नसराईच्या तोंडावर मोरगावला उतरले. माल पाठवणारा म्हणाला, तुम्ही नुसते अर्जुनी सांगितले. दुकानदार म्हणाला, आम्ही सडक अर्जुनीच बोललो. ती ऑर्डर आवाजात होती, ऐकली असती तर तंटा पाच मिनिटांत मिटला असता. पण मधल्या काळात दोघांचेही फोन बदलले होते. जादा भाडे आणि सीझन गेल्याचा तोटा शेवटी दुकानदाराच्याच अंगावर पडला, कारण पुढचा माल त्याच पेढीकडून घ्यायचा होता.

आमचे मत असे की, धंद्याचा आवाज आठवड्यातून एकदा फोनमधून काढून संगणकावर ठेवलाच पाहिजे. बाजारात याचे दोन प्रकार चालतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. एक, एका फोनवर आवाज वाजवायचा आणि दुसऱ्या फोनने तो पुन्हा रेकॉर्ड करायचा. त्यात रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्नही येतो आणि मूळ तारीख राहत नाही. दुसरा, मुलाला किंवा मुनिमाला फॉरवर्ड करून निश्चिंत व्हायचे. त्याच्या फोनमध्ये ती फाइल नव्या तारखेने बसते. काही जण म्हणतात, गूगलवर बॅकअप आहे. तो अख्ख्या व्हॉट्सअॅपचा, नवीन फोनमध्ये भरण्यासाठी असतो. त्यातून एक ऑर्डर वेगळी काढून कोणापुढे ठेवता येत नाही.

सरळ मार्ग अवघड नाही. फोन यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडावा. जोडल्यावर फोन फक्त चार्ज होतो आणि पुष्कळ लोक तेथेच थांबतात. फोनच्या पडद्यावर वरून सूचना ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते. मग अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम डॉट व्हॉट्सअॅप, त्यात व्हॉट्सअॅप, पुन्हा मीडिया आणि शेवटी व्हॉइस नोट्स. तेथे वर्ष आणि आठवडा यांच्या आकड्यांचे फोल्डर दिसतात. आतल्या फाइलचे नाव पीटीटी या अक्षरांनी सुरू होते आणि पुढे वर्ष, महिना, दिवस असतो. फाइल ओपस जातीची असते, व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर ती वाजते. हे फोल्डर जसेच्या तसे उचलावे, फाइलची नावे बदलू नयेत. कोणती फाइल कोणत्या पार्टीची, ते आपल्या वहीत एका ओळीत लिहावे. मुनिमाचे काम अजून संपलेले नाही ते असे.

काहींच्या गल्ल्यात जुने, हातात मावणारे रेकॉर्डरही पडून आहेत. त्यांतल्या कित्येकांना संगणकाची वायर लागतच नाही. त्यांच्या इअरफोनच्या भोकातून संगणकाच्या माइकच्या भोकात वायर घालून तासाचा आवाज तासभर वाजवूनच उतरवावा लागतो. वायर लागते अशा सोनी किंवा ऑलिंपसच्या काही जुन्या मशीनचा आवाज कंपनीच्या स्वतःच्या जातीत असतो, तो साध्या प्लेअरवर वाजत नाही. ज्यांच्याकडे वडिलांचा, भागीदाराचा आवाज अशा मशीनमध्ये आहे, त्यांनी सेल गळून मशीन खराब होण्याआधी हे काम उरकावे.

आता कोर्टाचे. टेपवरचा आवाज पुरावा होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच मुंबईच्या युसुफअल्ली इस्माईल नगरी यांच्या लाचेच्या खटल्यात मानले, मात्र टेपमध्ये फेरफार सोपा म्हणून सावधपणे पाहण्यास सांगितले. संगणकाच्या युगात मोठा निकाल आला तोही आपल्या महाराष्ट्रातूनच. २०१४ साली जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी उमेदवारी अर्जाच्या वेळेबाबत हरकत घेतली आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले व्हिडिओ पुढे केले. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्र घेऊन मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्र लागत नाही, पण नक्कल दिली तर प्रमाणपत्र सक्तीचे. म्हणून संगणकावर उतरवले तरी जुना फोन भंगारवाल्याला देऊ नका. निदान ज्या पार्टीशी वाद आहे, तिचा हिशेब मिटेपर्यंत तरी.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिल्यावर आपली सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा समजा, द्यावा लागतो. फाइलमध्ये कणभर फरक केला तर तो आकडा पार बदलतो. विंडोजमध्ये हा आकडा काढण्याची सोय आहे, शिकवणारा मिळाला तर दहा मिनिटांचे काम. पण तज्ज्ञ? पंधरा-वीस हजारांच्या उधारीसाठी तालुक्याच्या दुकानदाराने तज्ज्ञ कोठून आणावा, आणि त्याची फी कोणी द्यावी? कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या कंपन्या असाव्यात. प्रत्येक तालुक्याला ठरलेल्या फीत सही देणारा एक अधिकृत माणूस असावा, ही मागणी व्यापारी संघटनांनी लावून धरली पाहिजे. जीएसटीच्या तक्रारींइतकीच ती जरुरीची आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही रेकॉर्डिंगने होत नाही. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात मालाच्या पैशांसाठी तीन वर्षे आहेत, माल दिल्यापासून, आणि उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून. ती मुदत नव्याने सुरू व्हायची तर कबुली लेखी आणि सहीची हवी, तीही मुदत संपण्याआधी. ‘देतो, देतो’ असे शंभर वेळा बोललेला आवाज संगणकावर असला तरी त्याने मुदत वाढत नाही. तेव्हा दर दिवाळीनंतर, धानाचे पैसे हाती येतात त्या दिवसांत, बाकी असलेल्याला दुकानात बसवून आवाज ऐकवा, आकडा जुळवा आणि त्याच बैठकीत वहीवर सही घ्या.