चित्र आणि स्पेलिंग



गुंदच्या मुलास घरची बोली एक, शाळेची कन्नड दुसरी, आणि त्यांवर इंग्रजीचा भार. मराठी व कन्नड बहुधा बोलावे तशी लिहिली जाते. इंग्रजीचे तसे नाही. सुरीला म्हणावयाचे ‘नाइफ’, पण आरंभी लिहावयाचा ‘के’! मूल गोंधळते आणि घरची माणसे त्यास मठ्ठ ठरवितात. हा अन्याय होय. इंग्लंडात कॅक्स्टनने १४७६ साली छापखाना घातला, तेव्हा लोक त्या ‘के’चा उच्चार करीत असत. पुढे उच्चार लोपला, अक्षर तेवढे उरले.

येथे सचित्र पुस्तके उपयोगी पडतात. कोमेनिउस नामक शिक्षणतज्ज्ञाने १६५८ सालीच मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक काढले होते. परंतु चित्र अर्थ सांगते, स्पेलिंग नव्हे. सुरी पाहून मूल ‘नाइफ’ म्हणेल आणि अक्षरांकडे ढुंकूनही पाहणार नाही. म्हणून चित्र पाहून झाल्यावर शब्दाच्या एकेका अक्षरावर बोट ठेववावे. मग पुस्तक मिटून तोच शब्द छापील वळणाने पाटीवर लिहवून घ्यावा आणि पुस्तक उघडून ताडून पाहावा. दिवसाला तीनचार शब्द पुरेत.

आईस इंग्रजी येत नाही, ही अडचण नव्हे. पाटीवरील व पुस्तकातील अक्षरे सारखी आहेत की नाहीत, हे डोळ्यांना कळते. चुकल्यास रागावू नये. कोणते अक्षर सुटले ते मुलासच शोधू द्यावे. रात्रीच्या जेवणापूर्वीची दहा मिनिटे एवढ्यासाठी राखून ठेवावीत, ही आमची विनंती.