पक्षाघाताची फेलोशिप कोणासाठी?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला म्हसरूळ येथे, दिंडोरी-वणी रस्त्यावर आहे. राज्यातले अनेक वैद्यकीय फेलोशिप आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम याच विद्यापीठाच्या मान्यतेने चालतात. त्याच रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर पुढे गेले की सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचे वणी लागते. तिथे ग्रामीण रुग्णालय आहे, पण अंगावरून वारे गेलेल्या माणसासाठी मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर नाशिकच. पक्षाघाताच्या उपचारांचे विशेष प्रशिक्षण वाढवा, अशी मागणी सध्या वैद्यकीय वर्तुळात जोर धरते आहे आणि ती रास्तही आहे. मात्र हे प्रशिक्षण आधी कोणाला द्यायचे, हे ठरवताना विद्यापीठाने मुंबई-पुण्याआधी आपल्याच दारावरून जाणाऱ्या या रस्त्याकडे पाहावे. न्यूरोलॉजिस्टला आणखी एक पदवी देण्याआधी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियनसाठी, म्हणजे एमडी मेडिसिन झालेल्यांसाठी, एक वर्षाची पक्षाघात फेलोशिप सुरू व्हायला हवी.

याचे कारण आजाराच्या स्वभावातच आहे. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झाला. तेव्हा मुदत तीन तासांची होती, २००८ मध्ये ती साडेचार तासांवर गेली. तारेने गुठळी ओढून काढण्याची प्रक्रिया २०१५ नंतर रुजली आणि २०१८ च्या अभ्यासांनी निवडक रुग्णांसाठी तिची मुदत चोवीस तासांपर्यंत वाढवली. ही सारी घड्याळे रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथपासून चालू होतात. सुरगाण्याच्या पाड्यावरून निघालेला रुग्ण वणीमार्गे नाशिकला पोचेपर्यंत साडेचार तासांतले किती उरतात? त्यातही पहिला तास बहुधा ‘थोडे पडून राहा, बरे वाटेल’ यात किंवा मालिशवाल्याकडे जातो.

आता प्रचलित शिक्षणाचा जिना पाहा. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन, डीएम न्यूरोलॉजीची तीन आणि त्यावर पक्षाघाताची फेलोशिप. अमेरिकेत या उपशाखेची पहिली प्रमाणपत्र परीक्षा २००५ मध्ये झाली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशी पदव्युत्तर सोय आहे. असे तज्ज्ञ हवेतच. त्यांच्याशिवाय तारेची प्रक्रिया होणार नाही आणि नवे डॉक्टर शिकवायलाही कोणी उरणार नाही. पण इतका उंच जिना चढलेला माणूस महानगरातल्या कॅथलॅबशेजारीच थांबतो, कारण त्याची विद्या तिथेच चालते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रुग्ण मात्र गावात मरतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले, १४.३ टक्के मृत्यू त्याने झालेले. त्यांतले ८७ टक्के घरीच झाले होते.

फिजिशियनवर हे काम सोपवणे धोक्याचे आहे, असा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. १९९५ च्या त्याच चाचणीत इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. न घेतलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. तरीही तीन महिन्यांनी जवळपास अपंगत्वाविना उरलेल्यांची संख्या इंजेक्शनच्या गटातच लक्षणीय जास्त भरली. धोका आहे म्हणूनच तर शिकवायचे: कोणाला द्यायचे त्याहून कोणाला द्यायचे नाही हे. हिमाचल प्रदेशाने वाट दाखवली आहे. तिथे सीटी स्कॅन असलेल्या जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना शिकवले गेले. स्कॅनची चित्रे मोबाइलवर पाहून वैद्यकीय महाविद्यालयातला न्यूरोलॉजिस्ट सल्ला देतो आणि इंजेक्शन स्थानिक डॉक्टर देतो. डोंगराळ राज्याला जमले ते नाशिक जिल्ह्याला न जमण्यासारखे काय आहे?

वणीच्या रुग्णालयात सीटीच नसेल तर या विद्येचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न. तिथे इंजेक्शन द्यायचेच नाही. तिथल्या डॉक्टरला आणि परिचारिकेला छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरेल: लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून घेणे, साखर तपासणे, स्कॅनआधी अ‍ॅस्पिरिन न देणे, वाढलेला रक्तदाब घाईने न उतरवणे, १०८ ला बोलावून पुढच्या रुग्णालयाला आधीच फोन करणे. परिचारिकांना मी मुद्दाम गोवतो आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ पक्षाघात कक्षांच्या चाचणीत काही कक्षांत ताप, साखर आणि गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींवर परिचारिकांनी काटेकोर लक्ष ठेवले. तीन महिन्यांनी मरण पावलेले वा परावलंबी झालेले रुग्ण तिथे ४२ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या उरलेल्या कक्षांत ५८ टक्के. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या निष्कर्षामागे कोणतेही महागडे यंत्र नव्हते. आपल्याकडे मात्र यंत्राच्या उद्घाटनाला जेवढे मंत्री येतात, तेवढे परिचारिकांच्या प्रशिक्षणाला येत नाहीत.

शिकलेले डॉक्टर खासगीत जातील, हा तिसरा आक्षेप अनुभवातून आला आहे. म्हणून या जागा मुख्यतः सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना द्याव्यात. त्या वर्षाचा पूर्ण पगार चालू ठेवावा आणि नंतरची काही वर्षे सीटी असलेल्या ठरावीक रुग्णालयातच नेमणूक करावी. बदली झालीच तर तीही तशाच रुग्णालयात. नाहीतर पक्षाघात शिकलेला डॉक्टर शिबिरे आणि कागदपत्रे सांभाळत बसेल. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय आहे आणि त्याला जोडलेली पदव्युत्तर संस्था विद्यापीठाने स्वतःच उभी केली आहे. पहिली तुकडी तिथे शिकू शकते, आणि तिला रात्री फोनवर सल्ला देणाऱ्या न्यूरोलॉजिस्टांना त्या कामाचा मोबदला देण्याची तरतूद मात्र आरोग्य खात्याला करावी लागेल. फुकटच्या सल्ल्यावर अशी सेवा फार काळ चालत नाही.