बंगळुरूत लोकर कशाला?

बंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर आहे. इथल्या सर्वांत थंड रात्रीची नोंद १३ जानेवारी १८८४ ची आहे, ७.८ अंश सेल्सिअस. एरवी डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पंधरा-सोळाच्या आसपास उतरतो आणि तेवढ्यावर अख्खं शहर जॅकेट घालून फिरतं. अशा गावात आमच्या क्वार्टरमध्ये सोफ्यावर कायम लोकरीचे चार-पाच गुंडे पडलेले असतात. येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथं लोकर कशाला?" आणि सुया माझ्या हातात दिसल्या की दुसरा, "सर, तुम्ही?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर जरा लांब आहे.

आधी साधा हिशोब करू. फौजेत सवयच असते ती. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर १० सेंटिमीटर रुंदीत साधारण २० टाके बसतात आणि तेवढ्याच उंचीत २८ ओळी. मोठ्या माणसाचा स्वेटर १०० सेंटिमीटर घेराचा आणि ६० सेंटिमीटर लांबीचा धरा. अंगाचेच झाले ३३,६०० टाके. दोन बाह्यांचे आणखी सतरा हजारांच्या वर. एकूण ५० हजारांहून जास्त. सरावलेला हात मिनिटाला २५ टाके घालतो असं धरलं तरी जवळजवळ ३४ तास लागतात. रोज तासभर बसलात तर महिना जातो.

ज्या शहरात दूध, चार्जर आणि वाढदिवसाचा केक दहा मिनिटांत दारात येतो, तिथं एका स्वेटरसाठी ३४ तास म्हणजे वेडेपणाच. दुकानातला स्वेटर कदाचित स्वस्तही पडेल. तेव्हा पैशांच्या किंवा उबेच्या बाजूने विणकामाची वकिली करण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. हे ३४ तास म्हणजे खर्च नव्हे, कमाई. फौजी घरात तर एकत्र घालवलेल्या तासांइतकी टंचाई दुसऱ्या कशाचीच नसते.

पण त्याआधी ते "सर, तुम्ही?" निकालात काढू.

लोकर आणि सैनिक यांचं नातं फार जुनं आहे. डोकं, कान आणि गळा झाकणारी जी टोपी आम्ही बर्फात घालतो तिला बालाक्लावा म्हणतात. हे नाव क्रिमियातल्या एका बंदराचं आहे आणि तिथली लढाई १८५४ ची. समोरून बटणं असलेल्या स्वेटरला कार्डिगन म्हणतात, तो त्याच लढाईत घोडदळाचा हल्ला नेणारा लॉर्ड कार्डिगन. गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या शिवणीची बाही म्हणजे रॅग्लन. लॉर्ड रॅग्लन हा त्याच युद्धातला ब्रिटिश सेनापती, आणि त्याचा एक हात वॉटर्लूला गेलेला होता. म्हणजे विणकामाच्या पुस्तकातली तीन नावं थेट एका रणांगणावरून आलेली आहेत.

सुईदोऱ्याचंही तसंच. सैनिकाच्या किटमध्ये सुया, दोरा आणि बटणांची एक छोटी पिशवी असते. तिचं इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं नाव आहे 'हाउसवाइफ'. या नावावर आम्ही कॅडेट असताना भरपूर विनोद केले. विनोदाच्या पोटात मात्र एक सरळ गोष्ट आहे. घरापासून दूर असलेल्या पुरुषाला आपलं तुटलेलं बटण आपणच लावावं लागतं, हे फौजेला कधीच कळलं होतं. इथल्या मद्रास सॅपर्सचा जवान दोराच्या गाठी आणि बांधण्या डोळे मिटून करतो. विणकाम तरी काय आहे? एका फासातून दुसरा फास ओढून काढायचा. सुयांना घाबरण्याचं कारण फौजी माणसाला तरी नसावं.

आणि फौज सोडा, आपला धनगर पाहा. दख्खनी मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातणारे पुरुष महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या पाहिलेत. त्या लोकरीचं घोंगडं सणगर विणतो. कर्नाटकात हेच मेंढ्यांचं काम कुरुब समाजाचं, आणि आपण ज्याला घोंगडी म्हणतो ती त्यांची कंबळी. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली, तेव्हा मुलगा-मुलगी न बघता हातकाम शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं गेलं. लोकर आणि सूत 'बायकी' झालं ते नंतर, शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात.

आता १९६२. हा विषय टाळून कुठल्याही फौजी माणसाला लोकरीवर लिहिता येणार नाही. नामका चू नदीच्या काठी, दहा हजार फुटांहून उंच जागी, आपले जवान सुती कपड्यांत उभे होते. तिथल्या ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी ते १९६९ च्या 'हिमालयन ब्लंडर' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्या हिवाळ्यात देशभर बायका आणि शाळा-कॉलेजांतल्या मुली जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि मफलर विणत बसल्या. ज्यांनी कधी बर्फ पाहिला नव्हता अशांनीही विणलं. यशवंतराव चव्हाण मुंबईहून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेही याच दिवसांत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सुयांनी युद्ध जिंकता येत नाही. सैनिकाला उबदार कपडे पुरवणं हे सरकारचं काम आहे, आणि ते वेळेवर झालं नाही याची भरपाई कुणाच्या आईच्या मफलरने होत नाही. आज सियाचिनवर जाणाऱ्या जवानाला खास पोशाख मिळतो. घरचा स्वेटर त्याच्यासाठी गरजेचा राहिलेला नाही, हे चांगलंच झालं. तरीही १९६२ च्या त्या स्वेटरांना मी कमी लेखणार नाही. ज्याचं नाव माहीत नाही अशा माणसासाठी एखाद्या बाईने तीस-पस्तीस तास दिले होते. मनीऑर्डरीत ते मावत नाही.

हातकामाची आणखी एक बाजू आम्हाला जवळून माहीत आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना काम शिकवण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ती आजही पुण्याजवळ खडकीला आहे. जखमी माणसाला आधी औषध लागतं, मग व्यवसाय लागतो, आणि त्या दोन्हींच्या मधल्या लांबलचक दुपारी हाताला काहीतरी लागतं. मिलिटरी हॉस्पिटलच्या वॉर्डात ज्याने कुणाची सोबत केली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता घरातलं. फौजी संसाराचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा फील्डमध्ये, बायको-मुलं बंगळुरू किंवा पुण्यासारख्या स्टेशनात सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये. दोन-अडीच वर्षांनी तो परत येतो. तोवर अकराची मुलगी तेरा-चौदाची झालेली असते. तिची शाळा, मैत्रिणी आणि हसण्याची कारणं, सगळं त्याच्या गैरहजेरीत ठरलेलं असतं. तो उत्साहाने समोरासमोर बसून विचारतो, "मग, काय चाललंय?" आणि उत्तर येतं, "ठीक." पुढचा प्रश्न, पुढचं "ठीक". यात दोष कुणाचाच नसतो. पोरगी काही डीब्रीफिंगला आलेली नसते.

आमच्याकडे कोंडी फुटली ती लोकरीच्या लडीने. लडीचा गुंडा करायला दोन माणसं लागतात. एकाने दोन्ही हातांवर लडी ताणून धरायची, दुसऱ्याने गुंडाळायची. मी लडी धरली, लेक गुंडाळत होती. अशा वेळी एकमेकांकडे बघावं लागत नाही, दोघांची नजर धाग्यावर असते. हात अडकलेले असल्यामुळे फोनही हातात येत नाही. तिसऱ्या लडीला ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहितीये, मला ही शाळा पहिल्यांदा अजिबात आवडली नव्हती." दोन वर्षांत फोनवर हे एकदाही निघालं नव्हतं. मी फक्त हात हलू दिले नाहीत.

पोस्टिंगवर पोस्टिंग पाहिल्यावर माझं असं मत झालं आहे की, घरातली खरी बोलणी समोरासमोर कमी आणि शेजारी बसून जास्त होतात. शेंगा सोलताना, मेथी निवडताना, पापड लाटताना, गोधडीला टाके घालताना. आपल्या जुन्या घरांत अशी कामं आपोआप होती. आता भाजी निवडून येते आणि पापड पाकिटात मिळतात, त्यामुळे शेजारी बसायचं निमित्तच उरलेलं नाही. ते मुद्दाम तयार करावं लागतं.

त्याला लोकरच हवी असंही नाही. दिवाळीत मातीचा किल्ला करा. क्वार्टरच्या अंगणात तो छान होतो, आणि बुरुज कुठे असावा यावर बापाला आपलं लष्करी ज्ञानही पाजळता येतं. बांबूच्या काड्या आणि रंगीत कागदाचा आकाशकंदील करा. बंगळुरूतल्या कितीतरी घरांत दसऱ्याला बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात, गोंबे हब्ब म्हणतात त्याला. दरवर्षी घरातलं लहान-थोर माणूस त्यात काहीतरी भर घालतं. उत्तर कर्नाटकातून इथं बांधकामावर आलेल्या बायका दुपारच्या सुट्टीत जुन्या लुगड्यांची कौदी शिवताना दिसतात. आपली वाकळच ती. भाषा न येताही त्यांच्याशी माझ्या बायकोचं अर्धा तास बोलणं होतं, कारण टाका दोघींना कळतो.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला मेसमधल्या तरुण अधिकाऱ्यांच्या बायकांचा. "आम्ही इंजिनिअरिंग केलं, एमबीए केलं, तुमच्या बदल्यांपायी नोकऱ्या सोडल्या, आणि आता आम्हाला सुया देताय?" आक्षेप शंभर टक्के खरा आहे. बाईने घरी बसून विणावं असं मला म्हणायचंच नाही. उलट विणकामाला 'टाइमपास' हे नाव पडलं तेच मुळी ते एकट्या बाईवर सोडल्यामुळे. म्हणून सुया बापाच्या आणि मुलग्याच्या हातातही हव्यात. घरातलं हातकाम सगळ्यांचं असेल तरच ते घरातलं. नाहीतर ती आणखी एक ड्युटी.

दुसरा आक्षेप खास बंगळुरूचा. "इतकं छान करता, तर विका की! पेज सुरू करा." ज्या घराला त्या पैशांची गरज आहे, त्या घराने जरूर विकावं आणि पूर्ण भाव घ्यावा. पण ज्यांचं भागतं आहे त्यांनी एक तरी गोष्ट विक्रीबाहेर ठेवावी. आपल्याकडे बाळंतविड्यातली कुंची आणि दुपटं कुणी किमतीवरून जोखत नाही. कुणी केलं आणि कुणासाठी केलं, एवढंच विचारतात.

आणि फौजी घराला पटेल असा शेवटचा मुद्दा, सामानाचा. दर बदलीला काळ्या पेट्या भरताना अर्ध्या वस्तू टाकून द्याव्या लागतात. हाताने विणलेला स्वेटर टाकावा लागत नाही, तो उसवता येतो. मुलीला आखूड झाला की धागा ओढायचा, लडी करायची, कोमट पाण्यात भिजवून वजन बांधून टांगायची. लोकरीचा वाकडेपणा बराचसा निघून जातो. मग त्यात नवा रंग घालून मोठा स्वेटर सुरू करायचा. आमच्या घरात सध्या जी निळी लोकर आहे ती तिसऱ्या स्टेशनात तिसऱ्यांदा विणली जाते आहे. पेटीत जागाही फारशी घेत नाही.

तेव्हा येत्या रविवारी चिकपेटेत किंवा तुमच्या गावच्या बाजारात जा. लोकरीचे तीन गुंडे आणि ८ नंबरच्या सुया आणा. ४० टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणत जा. काही न वाढवता, न घटवता मफलर होतो. एक ओळ तुमची, एक मुलाची, एक बायकोची. कुणाची ओळ घट्ट येईल, कुणाची सैल, येऊ द्या. बंगळुरूत तो घालायची वेळ येणार नाही हे खरं आहे. पण फौजेत तुमच्या ओळखीचा कुणीतरी या घडीला लेहला, तवांगला किंवा गुरेझला असतोच. पत्त्यावर त्याचं नाव, युनिट आणि एपीओ, एवढं पुरतं.