मुक्तिसंग्रामाचे उरलेले काम

हैदराबादच्या निजामाची सत्ता १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. या लढ्याला आपण मुक्तिसंग्राम म्हणतो. तो क्रांती म्हणूनही तपासायला हवा. कारणे पाहिली तर जगातल्या मोठ्या क्रांत्यांशी त्याचे नाते लगेच जुळते. १७८९च्या फ्रान्समध्ये सरदार आणि धर्मगुरूंना सवलती होत्या, कराचा भार रयतेवर होता. १९१७च्या रशियात शेतकरी जमिनीला भुकेला होता. निजामाच्या राज्यात जवळपास एक-तृतीयांश मुलूख जहागिरीत आणि सुमारे दहावा हिस्सा ‘सर्फ-ए-खास’ म्हणजे खुद्द निजामाच्या मालकीचा होता. पण नुसत्या जुलमाने क्रांती होत नाही. जुलूम पिढ्यान्‌पिढ्या चालतच होता. दाद मागायची वाट बंद झाली की माणसे उठतात. १९३८मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला.

ही क्रांती नव्हे, लष्कराची पाच दिवसांची कारवाई होती, असा आक्षेप घेतला जातो. पण त्याआधीच्या दहा वर्षांत तुरुंगात गेलेल्या आणि सरहद्दीवरच्या शिबिरांतून लढलेल्या माणसांनी ती सत्ता आतून पोखरली होती. शिवाय बदल झेंड्यावर थांबला नाही. १९४९मध्ये जहागिरी गेल्या, १९५०मध्ये कूळकायदा आला, १९५२मध्ये प्रत्येक प्रौढाला मत देता आले. या हिशेबात रक्ताचीही नोंद हवी. कारवाईच्या वेळी व नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा अंदाज भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने दिला. त्यांत बहुसंख्य मुस्लिम होते. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार सांगताना हे लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

फळे मात्र सारखी नाहीत, आणि धडा इथेच आहे. फ्रान्सने सरंजामी हक्क मोडले, पण १८०४मध्ये नेपोलियन सम्राट झाला. रशियात १९१७च्या फर्मानाने मिळालेली जमीन १९२९नंतरच्या सक्तीच्या सामूहिक शेतीत गेली आणि शेतकऱ्याकडे विरोधाचे मतही उरले नाही. आपल्याकडे मत टिकले, जमिनीचे वाटप अर्धवट राहिले. त्याचा परिणाम बीड जिल्ह्यातल्या तेलगावला दिसतो. तिथे साखर कारखाना आहे. तरीही या परिसरातून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या ऊसतोड टोळ्या दरवर्षी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. याला दुष्काळ जबाबदार आहे, असे म्हणणाऱ्यांचे अर्धेच खरे. पाऊस सगळ्यांचाच हुकतो; पण ज्याच्याकडे विहीर आणि बागायत आहे तो गावात तगतो, कोरडवाहू तुकड्याचा धनी आणि भूमिहीन मात्र बाहेर पडतो.

म्हणून नवी उलथापालथ मागण्याची गरज नाही. हाती असलेल्या मताने जुने काम पुरे करून घेतले पाहिजे. प्रत्येक ऊसतोड मजुराची नोंदणी, कारखान्याशी थेट लेखी करार, उचलीच्या फेऱ्यातून सुटका, मुलांसाठी गावातच वसतिगृहे आणि कोरडवाहू शेताला पाणी, एवढे प्रत्येक उमेदवाराकडून वदवून घ्यावे. १९४८ने बीड जिल्ह्याला मत दिले. ते जातीच्या गणितात खर्चणे हा त्या लढ्याचा अपमान आहे.