दहावीचं गणित आणि दीड लाखाची फी

लेण्याद्रीला गणपतीच्या लेण्यात गेलात की दर्शन झाल्यावर जरा वर छताकडे बघा. एवढा मोठा सभामंडप, मध्ये एकही खांब नाही आणि उजेड येतो तो फक्त पुढच्या दार-खिडक्यांतून. छतावर ऊन थेट कधीच पडत नाही. तरी छत दिसतं. का दिसतं?

पुण्यातल्या एका संस्थेत मी थ्रीडीचा कोर्स केला. फी दीड लाख. घरच्या दोन हंगामांच्या कांद्याच्या पट्ट्या त्यात गेल्या. वर्षभरात वरचा प्रश्न एकदाही कुणी विचारला नाही. शिकवलं काय, तर हे बटण दाबा, तो स्लायडर इतका ओढा, सीन काळा आला तर अजून एक लाइट टाका. ‘असं का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: सेटिंग आहे, लक्षात ठेवा.

ते सेटिंग नव्हतं. ते दहावीचं गणित होतं, आणि ते आम्हाला येत होतं. माझा राग फीपेक्षा याच गोष्टीवर जास्त आहे.

रे ट्रेसिंग म्हणजे काय ते सांगतो. कॅमेऱ्यातून प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण सीनमध्ये सोडायचा. तो पहिल्यांदा कशाला धडकतो ते शोधायचं. तिथून उजेडाकडे वाट मोकळी आहे का बघायचं. समोर गोळा असेल तर किरण आणि गोळा यांची समीकरणं एकत्र केल्यावर हातात वर्गसमीकरण येतं. मग तोच आपला विवेचक, बी स्क्वेअर मायनस फोर एसी. ऋण आला तर किरण चुकला. शून्य आला तर चाटून गेला. धन आला तर दोन ठिकाणी भेदला, त्यातलं कॅमेऱ्याजवळचं ठिकाण आपल्याला दिसतं. ‘मुळे वास्तव नाहीत’ हे वाक्य शाळेत आपण नुसतं घोकलं. त्याचा अर्थ ‘इथे गोळा नाही, मागचं आकाश रंगव’ असाही होतो, हे कळलं तेव्हा मला आनंदापेक्षा फसवल्यासारखंच वाटलं.

आरसा हवा? नववीचं परावर्तन. काच हवी? दहावीचं अपवर्तन. अपवर्तनांक दीडच्या आसपास टाका, गोळा काचेचा दिसायला लागतो.

टर्नर व्हिटेड यांनी 1980 साली आरसे आणि काच अशाच किरणांनी काढून दाखवली. त्या काळच्या व्हॅक्स मशीनवर एका चित्राला 74 मिनिटं लागली. पण त्या पद्धतीत लेण्याद्रीचं छत येत नाही. ऊन बाहेरच्या दगडावर पडतं, तिथून उडून आतल्या जमिनीवर, भिंतीवर आणि मग छतावर जातं. खडबडीत दगड उजेड सगळीकडे उधळतो. हा उधळलेला उजेडही धरणारं समीकरण जेम्स कजिया यांनी 1986 साली मांडलं. प्रोग्राममध्ये त्याचा अर्थ साधा आहे: दगडाला धडकल्यावर किरण कुठल्याही दिशेला यदृच्छया पाठवा, आणि असे पुष्कळ किरण पाठवून सरासरी काढा.

आता ठरलेले आक्षेप. महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं? वेगासाठी लागतं, शिकायला नाही. पीटर शर्ली यांचं ‘रे ट्रेसिंग इन वन वीकेंड’ हे 2016 सालचं पुस्तक फुकट वाचता येतं. त्यातला प्रोग्राम शेवटी आकड्यांची एक साधी फाइल लिहितो, तेच चित्र. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून तो चालतो. फोन तापतो, रात्रभर चार्जरला लावून ठेवावा लागतो, पण चालतो. नोकरी? खरं आहे, स्टुडिओ सॉफ्टवेअर विचारतात, आणि ते यायलाच हवं. पण ब्लेंडरही फुकटच आहे. त्याच्या सायकल्समध्ये हेच किरण फिरतात, आणि ज्याला किरण कळला त्याला बटण कशासाठी आहे तेही कळतं. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो काढताना आमच्या बॅचमधल्या सगळ्यांचे टोमॅटो प्लास्टिकचे दिसायचे. सर चमक वाढवायला सांगायचे. खरं कारण असं की उजेड टोमॅटोच्या सालीतून थोडा आत शिरतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. हे चमक वाढवून येत नाही.

इंग्रजीचा अडथळा मात्र खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण विवेचक, अपवर्तनांक, आपाती किरण हे शब्द आपल्याच पाठ्यपुस्तकात छापलेले आहेत. ते वापरून हे शिकवायला जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या शिक्षकाला कोण अडवतं? दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमाराला खोडदच्या जीएमआरटीत विज्ञान प्रदर्शन भरतं. मागे 45 मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करत असतात. त्या लहरी आणि प्रकाश एकाच जातीचे. तिथल्या एखाद्या टेबलावर घोडेगावच्या नाहीतर ओतूरच्या पोरांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममधून आलेला एक काचेचा गोळा मला बघायचाय.

मी सध्या लेण्याद्रीचा मंडप काढतोय, अगदी ठोकळ्यांचा. पिक्सेलमागे 100 किरण सोडले तेव्हा छतावर रवा सांडल्यासारखे ठिपके आले. खरखर निम्मी करायची तर किरण चौपट लागतात. म्हणून काल रात्री 400 लावून झोपलो. सकाळी बघितलं तर अर्धंच चित्र झालं होतं; पहाटे कधीतरी लाइट गेली होती.