हिरवळीचे लाड, तरवडाला हद्दपारी

एप्रिल उजाडला की उपनगरांत टँकरच्या रांगा लागतात. सोसायटीच्या फलकावर ‘पाणी जपून वापरा’ अशी सूचना लागते आणि फलकाच्या मागेच मेक्सिकन लॉनवर फवारा सुरू असतो. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेला एक मिलिमीटर पाणी द्यायचे तर एक लिटर लागते. भर उन्हाळ्यात लॉन हिरवे राखायचे तर रोज पाचएक मिलिमीटर तरी हवे. म्हणजे दोनशे चौरस मीटरच्या लॉनला दिवसाला हजार लिटर, दहा दिवसांत दहा हजार लिटरचा अख्खा टँकर. एवढे करून पदरात काय पडते? फूल नाही, फुलपाखरू नाही आणि कडेला पाटी : ‘हिरवळीवर चालू नये’.

हा थाट पर्जन्यछायेतल्या गावांना परवडणारा नाही. पुण्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकतो. पुढचे आठ महिने जमीन कोरडी. या कोरड्या महिन्यांची सवय असलेली फुलझाडे आपल्या टेकड्यांवर आणि माळांवर पूर्वापार आहेत. मुरमाड उतारावर कुणी न लावलेला, कुणी पाणी न घातलेला तरवड नवरात्राच्या सुमारास पिवळाधमक फुलतो. घटावर चढवायला त्याच्या फुलांची माळ आपण मंडईतून विकत आणतो. तोच तरवड कुंपणाशी उगवला, तर ‘तण माजलंय’ म्हणून माळ्याला उपटायला लावतो. कुर्डूचेही तेच. त्याचे गुलाबी-पांढरे तुरे कितीतरी दिवस टिकतात, कोवळ्या पानांची भाजी होते, पण बागेत त्याला थारा नाही. जमिनीसरपट पसरणारी इवल्या निळ्या फुलांची विष्णुक्रांत तर पायाखालीच जाते.

‘ही रोपे नर्सरीत मिळत नाहीत’ अशी तक्रार असते. न मिळोत. असली झाडे बियांपासून, जागेवरच वाढवलेली बरी. पिशवीतल्या रोपाचे सोटमूळ तळाशी जाऊन वेटोळे घालते आणि पुढे जमिनीत लावले तरी ते सरळ खाली उतरेलच असे नाही. जागेवर उगवलेल्या बियाचे मूळ पहिल्याच पावसाळ्यात खोल जाते. दुष्काळ सोसण्याची ताकद त्या मुळात असते.

हिवाळ्यात तरवडाच्या चपट्या शेंगा वाळून तपकिरी होतात, तेव्हा थोड्या तोडाव्यात. एका झाडाच्या सगळ्या शेंगा ओरबाडू नयेत. बी कापडी पिशवीत, चिमूटभर राख घालून ठेवावे. या बियांचे कवच टणक असते. मेअखेरीस उकळून खाली उतरवलेले पाणी त्यांवर ओतावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी काही बिया टम्म फुगलेल्या दिसतील, त्या पेरणीला तयार. ज्या तशाच कडक राहिल्या, त्या पॉलिश कागदावर हलक्या घासून पुन्हा भिजवाव्यात. रानात हे कडकपण उपयोगी पडते. सगळ्या बिया एकाच वर्षी उगवत नाहीत, त्यामुळे एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला तरी वंश बुडत नाही. कुर्डूच्या काळ्या चकचकीत बिया अगदी बारीक असतात. त्या मूठभर वाळूत मिसळून फेकाव्यात, वरून मातीचा थर घालू नये.

दोन पथ्ये मात्र पाळायला हवीत. खत घालू नये. सकस मातीत ही झाडे नुसती पाल्याने माजतात आणि आडवी होतात. आणि ‘दुष्काळात टिकणारे’ म्हणजे पहिल्या दिवसापासून पाणी नको, असे समजू नये. कोंब फुटल्यावर पावसाने ओढ दिली, तर सुरुवातीचे काही आठवडे हलके शिंपण हवेच. मूळ धरले की झारी बाजूला ठेवावी.

हल्ली ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ नावाची रंगीत पाकिटेही मिळतात. त्यांत बऱ्याचदा कॉसमॉससारखी मेक्सिकोकडची फुले असतात आणि ती कुंपण ओलांडून टेकड्यांवर पसरतात. १९५०च्या दशकात पुण्यात नजरेस आलेल्या गाजरगवताने पुढे देशभर काय केले, ते विसरू नये. दुसरे टोक म्हणजे कास पठारावरून बी खुडून आणणे. तिथली फुले पावसाळ्यातल्या पातळ, ओल्या मातीची आहेत. आपल्या वाफ्यात ती टिकायची नाहीत आणि पठाराचे नुकसान मात्र होईल. बी आपल्याच परिसरातले, रस्त्याकडेचे घ्यावे.

संपूर्ण लॉन उखडा, असे कुणी म्हणत नाही. मुलांना खेळायला जेवढे लागते तेवढे राहू द्या. पण जिथे कुणी पाऊलही टाकत नाही अशी लॉनची पट्टी प्रत्येक आवारात असते. सोसायट्यांच्या समित्यांनी आणि महापालिकेच्या उद्यान खात्यांनी ती पट्टी यंदाच्या पावसाआधी मोकळी करून तरवड-कुर्डूच्या हवाली करावी. बी फुकट आहे, पाणी वाचणार आहे. माळ्याला एवढेच बजावून ठेवा : यातले काही उपटायचे नाही.