‘ओळख पाहू’ नको, ‘सांग ना’ म्हणा

नाशकातील जुनी माणसे गोदावरीला क्वचितच गोदावरी म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ एवढेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला रामकुंड, गांधी तलाव, दुतोंड्या मारुती, बुधवारचा बाजार हे सारे एका शब्दात उमगते. वय वाढले, गुडघे कुरकुरू लागले, मुलांनी गंगापूर रस्त्याला किंवा इंदिरानगरला सदनिका घेतली, की हे ‘गंगेवर जाणे’ हळूहळू थांबते. शहर तेच असते, परंतु आपले शहर दुरावते. या वेळी मी आपल्याशी बोलणार आहे ते हे दुरावलेले शहर छायाचित्रांतून घरी कसे आणावे याविषयी. त्याआधी याबाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते.

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन तिसरे वर्ष चालू आहे. दिवेलागणीची वेळ झाली, की ती दोन लुगडी आणि देवाची डबी पदरात बांधते आणि म्हणते, “चल, घरी जाऊ. उशीर झाला.” तिचे घर म्हणजे सराफ बाजाराच्या मागचा वाडा, जिथे ती लग्न होऊन आली. तो वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली त्याला आता बरीच वर्षे झाली. पहिल्या पहिल्यांदा मी सत्य सांगत असे, “अगं, वाडा पाडला ना!” ते ऐकून ती जवळचे कोणी गेल्याची वार्ता ऐकावी तशी रडे. दुसऱ्या दिवशी तिला माझे सांगणे आठवत नसे आणि मी पुन्हा तेच सांगत असे. एकच दुःख आपण तिला रोज नव्याने देत आहोत, हे माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले.

मग एका बुधवारी सकाळी मी एकटीच गंगेवर गेले आणि मोबाइलवर चौदा-पंधरा छायाचित्रे काढली. नारोशंकराचे मंदिर आणि त्याची घंटा, सांडव्यावरची देवी, पूल, भांडी बाजाराचे तोंड, बाजारात मांडलेले भाज्यांचे ढीग. घरी येऊन उत्साहाने आईपुढे मोबाइल धरला. “सांग पाहू, हे काय? आणि हे? अगं, इतकी वर्षं तू इथूनच जात होतीस!” तिने दोन-तीन चित्रे पाहिली, कावरीबावरी झाली आणि तोंड फिरवून म्हणाली, “मला काही येत नाही.”

तिचा तो स्वर शाळेत फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलीचा होता. मी तिला शहर दाखवायला गेले होते आणि प्रत्यक्षात तिची परीक्षा घेतली होती.

चित्रे छापून आणलेली होती, ती तशीच जेवणाच्या मेजावर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता आईने त्यांतले एक आपणहून उचलले. दुतोंड्या मारुतीचे होते. नाशकाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की ही उंच मूर्ती नदीच्या पात्रातच उभी आहे आणि गावाची पूररेषा तीच. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले, छातीपर्यंत चढले, अशा भाषेत आजही नाशिककर पुराचे मोजमाप सांगतात. आईने चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाली, “हा दिसेनासा झाला होता. धान्याचे डबे मी माडीवर नेले. सासूबाई म्हणाल्या, तुळस राहिली खाली.”

ती 1969 च्या महापुराविषयी बोलत होती. त्या वर्षी सप्टेंबरात गोदावरीचे पाणी सराफ बाजारात शिरले होते. आई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली होती. तुळशीची ही हकिगत मी माझ्या साऱ्या आयुष्यात कधी ऐकली नव्हती. तिच्या सांगण्यात माझा धाकटा मामाही डबे उचलायला होता. वास्तविक तो तेव्हा मुंबईस होता. माझ्या ओठांवर दुरुस्ती आली होती, ती मी गिळली आणि एवढेच विचारले, “मग तुळशीचं काय झालं?”

वाचकहो, आजच्या लेखात सांगण्यासारखे जे काही आहे, ते या दोन प्रश्नांमधल्या अंतरात आहे. ‘ओळख पाहू’ या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते आणि ते चुकू शकते. ‘मग काय झालं?’ या प्रश्नाचे उत्तर चुकू शकत नाही.

यामागे शास्त्रही आहे. स्मृतिभ्रंशात ताज्या घटना आधी पुसट होतात आणि तरुणपणीच्या आठवणी तुलनेने अधिक काळ टिकतात. निरोगी माणसालाही उतारवयात सर्वाधिक आठवतात त्या साधारण दहा ते तीस या वयातील गोष्टी. म्हणूनच कालचे जेवण न आठवणारी आई 1969 चा पूर सांगू शकते. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1963 मध्ये एक लेख लिहून असे मांडले, की वृद्धांचे गतकाळात रमणे हे मन दुबळे झाल्याचे लक्षण नसून, जगलेल्या आयुष्याचा हिशेब लावण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे. पुढे जुनी छायाचित्रे, वस्तू, गाणी यांच्या आधारे आठवणी जागवण्याची उपचारपद्धती रूढ झाली. मात्र अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. अशा प्रयोगांचा 2018 मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात काही रुग्णांना लाभ दिसला, पण तो लहान होता आणि सर्वत्र सारखा नव्हता. हा आजार छायाचित्रांनी मागे फिरत नाही. एखादी सकाळ मात्र बरी जाते, आणि शुश्रूषा करणाऱ्याला ठाऊक असते, की एक बरी सकाळ म्हणजे काय.

ज्यांची स्मृती शाबूत आहे अशा ज्येष्ठ वाचकांना माझे सांगणे थोडे निराळे आहे. आपण स्वतः कॅमेरा हाती घ्यावा. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत साठ ते नव्वद वयाच्या मंडळींना तीन महिने, आठवड्याला पंधरा-सोळा तास, छायाचित्रण किंवा गोधडी शिवण्याची कला शिकवली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, केवळ गप्पागोष्टींत वेळ घालवणाऱ्यांपेक्षा नवे कौशल्य कष्टाने शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली. त्याच वर्षी लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयातील एका प्रयोगातून सावधगिरीची बाबही दाखवून दिली. वस्तूचे झटपट छायाचित्र घेणाऱ्यांना ती वस्तू नुसती पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवत होती. तिच्या एखाद्या भागावर कॅमेरा नेऊन टिपणाऱ्यांची आठवण मात्र उणावली नव्हती. तेव्हा साऱ्या घाटाची शंभर चित्रे नकोत. एका दगडी पायरीचे, एका दाराच्या कडीचे, एका घंटेचे घ्या. पण आधी पुरते पाहा.

या बाबतीत नाशिककरांजवळ घरचाच दाखला आहे. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेले आणि 1944 साली नाशकातच निवर्तलेले दादासाहेब फाळके चित्रपटकार होण्याआधी छायाचित्रकार होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून त्याचा कोंब कसा वाढतो ते धीराने टिपले. पाहण्याच्या आणि जागरणाच्या अतिरेकाने याच काळात त्यांची दृष्टी गेली होती. उपचारांनी आणि चष्म्यांनी ती परत आली. धीर धरून एकाच जागी पाहत राहणे हा त्यांचा गुण घ्यावा, डोळ्यांची हेळसांड घेऊ नये.

आता काही व्यवहाराच्या सूचना.

छायाचित्रे घेण्यास सकाळ उत्तम. ऊन कोवळे असते आणि गर्दीही बेताची. घाटाच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरू नये. वरच्या कठड्यापाशी बसून चित्र घ्यावे, सोबतीला कोणी असावे, पाणी जवळ ठेवावे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर नदीकाठी जाऊच नये.

रुग्णाला दाखवायची चित्रे छापून घ्यावीत, तळहाताहून मोठी आणि चकचकीत नसलेल्या कागदावर. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना चकाकीचा त्रास होतो आणि मोबाइलचे चित्र बोट लागताच सरकते. एका वेळी दोन-तीनच चित्रे ठेवावीत. चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेले आहे ना, ते पाहावे. वेळ दिवसाउजेडी, पोट भरलेले असताना निवडावी. सायंकाळी अस्वस्थता वाढणे हे या आजाराचे परिचित लक्षण आहे, तेव्हा हा प्रयोग नको.

तुम्ही काही विचारण्यापेक्षा स्वतःची आठवण सांगून आरंभ करावा. “या बाजारातून तू मला पेरू घेऊन द्यायचीस,” असे. शब्द फुटले नाहीत तरी चालेल. चित्र हातात धरून शेजारी बसणेही पुरेसे असते. नुसत्या चित्राने काही झाले नाही, तर आवाज किंवा वास जोडून पाहावा. तांबट आळीतील ठोक्यांचा ध्वनी मोबाइलवर टिपून आणता येतो.

प्रत्येक आठवण गोड असेल असे मात्र धरू नये. काळारामाच्या महाद्वाराचे चित्र पाहून एका घरात रामनवमीच्या रथाची आठवण निघेल. दुसऱ्या घरात 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सत्याग्रहात त्याच दारापुढे उभ्या राहिलेल्या आजोबांची निघेल. दुसरी आठवणही तितक्याच आदराने ऐकावी. माणूस व्याकूळ झाला, तर चित्र बाजूला ठेवून हात हातात घ्यावा. आणि एक लक्षात असू द्या. एक-दोन दिवसांतच गोंधळ एकाएकी वाढला, तर तो नेहमीच्या आजारावर ढकलू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध अशी कारणे त्यामागे असू शकतात. डॉक्टरांना लगेच दाखवावे. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

शेवटी वाड्याविषयी. त्या बुधवारी मी वाड्याच्या जागी उभ्या असलेल्या इमारतीचेही एक छायाचित्र घेतले होते. ते आईला दाखवलेले नाही, दाखवणारही नाही. ते माझ्या कपाटात आहे, कारण तो वाडा माझाही होता, आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या दुःखालाही कुठेतरी जागा लागते.

आई अजूनही संध्याकाळी गाठोडे बांधते. आता मी तिला विचारते, “घरी जाऊन काय करायचं राहिलंय गं?” एकदा ती म्हणाली, “दूध तापवायचं राहिलंय.” मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. पातेले तिने धरले, आच मी लावली. दूध वर येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली, आणि मग गाठोडे तिने आपणहून सोडले. रोज असे घडत नाही. पण तिला हवे होते ते घर विटांचे नव्हते. जिथे आपल्यावाचून काहीतरी अडते, ते घर तिला हवे होते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या पंधरवड्यात आपण आपल्या गावातील एका जागी जाऊन एकच छायाचित्र घ्यावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांपुढे काही न विचारता ठेवावे. काय ऐकायला मिळाले ते लिहून ठेवा. नंतर विचारायला कोणी असेलच असे नाही.